लांब पल्ल्याची स्टिक

आदरणीय भावोजी,
साष्टांग नमस्कार.

ताईचा खांदा खरंच बरा झालाय का, असं तुम्ही मला विचारलंत. दुखत नाही, पण गोल्फचा चेंडू पूर्वीइतका लांब जात नाही. खेळताना तिची स्टिकची बॅग मीच उचलतो. सरावात मी झेंड्यापर्यंतचं अंतर वाढवून सांगायचो, म्हणजे ती आपणहून लांब पल्ल्याची स्टिक मागायची आणि चेंडू झेंड्यापाशी पडायचा.

आज दोन वर्षांनी ती स्पर्धा खेळली. तिथेही मी तेच केलं.

ताई हसली. "वेड्या, याच मैदानावर मी चॅम्पियन झाले. सरावात चालवून घेतलं तुझं. आता खरं अंतर सांग."

मी घाबरत सांगितलं. तरी तिने लांब पल्ल्याचीच स्टिक मागितली.

नंबर आला नाही. खांद्याचं आता तीच तुम्हाला सांगेल, म्हणून हे पत्र टाकत नाही.

आपला,
धाकटा मेहुणा