मधला खिळा

तीर्थरूप आईस,
तुझ्या भटक्या लेकीचा नमस्कार.

मी खुशाल आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा काय म्हणतो? धाकटा अजून दारातच चपला टाकतो का?

पुढच्या आठवड्यात माझ्या फोटोंचं पहिलं प्रदर्शन आहे. भिंतींवर चांभार, हमाल, जिन्यात डुलकी घेणारी नर्स असे सगळे लागलेत. फक्त मधला खिळा रिकामा आहे. गॅलरीच्या मालकीणबाईंना तिथे तुझा फोटो हवाय, विस्कटल्या केसांनी करपलेलं पातेलं घासतानाचा. सकाळपासून मी तो लावते आणि उतरवते. त्या म्हणाल्या, "अगं बाई, खिळा सैल करशील."

तो फोटो घेताना तू म्हणाली होतीस, "फोटो काढतेस की माझं उणं काढतेस?" तेव्हा मी हसले. आज ते वाक्य पाठ सोडत नाही.

ज्यांनी जग जिंकलं, त्यांचे पुतळे चौकाचौकात उभे आहेत. ज्यांनी ते रोज घासूनपुसून उभं ठेवलं, त्यांना साधी भिंतही मिळू नये? त्या फोटोत मला करपलेल्या पातेल्यापुढे हार न मानणारी बाई दिसते. यात उणं कुठे आहे, आई?

पण चेहरा तुझा आहे. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहिते. पत्र मिळताच फोन करून 'लाव' म्हण, नाहीतर 'काढ' म्हण. तोवर खिळा रिकामा राहील.

आणि 'काढ' म्हणालीस, तर या वेळी मी हसणार नाही.

तुझ्याइतकीच हट्टी,
तुझी थोरली