वहीतलं एकच खोटं वाक्य

दि. ४ जून

चि. भाऊजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्याआधी जागा होतो, त्यामुळे गजर लावावा लागत नाही. रुग्णालयाच्या कपडेखात्यात माझं तेच चाललंय. चादरी मधोमध विरतात, मी त्या उभ्या कापते, धडक्या कडा मध्ये आणून जोडते आणि विरलेला भाग कडेला टाकते. अशी जोडलेली चादर आणखी दोन वर्षं जाते. माणसांचं असं करता येत नाही, एवढंच.

पत्राला कारण असं. तुमचे दादा दर शनिवारी दुपारी रुग्णालयाच्या उपाहारगृहात मदतनीस बायकांना इंग्रजी शिकवायचे, हे तुम्हाला माहीतच आहे. ते गेल्यापासून तीन वर्षं वर्ग बंद होता. आता ऑगस्टमध्ये या बायकांना वॉर्डातल्या कायम जागांसाठी इंग्रजीत मुलाखत द्यायची आहे. त्या माझ्यामागे लागल्या. मी सांगितलं, बायांनो, मी चौथीत शाळा सोडलेली. तर त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर, जिला आम्ही मावशी म्हणतो, ती म्हणाली, सर आधी तुमच्यावर वाक्य घासून बघायचे आणि मग आमच्याकडे आणायचे, तेव्हा तुम्हालाच जास्त येतं. शेवटी गेल्या शनिवारी मी खडू हातात घेतला.

गाडं अडलंय भविष्यकाळावर. आपल्याकडे कसंही चालतं. येईन म्हणा, येणार आहे म्हणा, येतो म्हणा. माणूस घरात चपला शोधत असतो आणि तिथूनच 'आलोच' म्हणतो. इंग्रजीत प्रत्येकाचा वेगळा खण. दादांनी काळ्या पुठ्ठ्याच्या लांबट वहीत ते सगळं मांडलं होतं. ते गेले त्याच महिन्यात, दादांचं अक्षर जपायला हवं, नीट प्रत करून घेतो, असं म्हणून तुम्ही ती वही नेलीत. महिनाअखेर पाठवाल का? मला ती वर्गात हवी आहे. आणि खरं सांगायचं तर घरातही हवी आहे.

धाकट्या जाऊबाईंना माझी आठवण सांगा. माया आहेच, ती तशीच ठेवा.

तुमची,
वहिनी


दि. १५ जून

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुम्ही वर्ग घेताय हे वाचून आम्ही दोघंही थक्क झालो. दादांना किती बरं वाटलं असतं.

वही अगदी सुरक्षित आहे. शिवण सैल झाली होती म्हणून बांधायला दिली आहे, आली की लगेच पाठवतो. तोवर भविष्यकाळाची काळजी करू नका, तो सोपा आहे. बोलता बोलता ठरवलं तर 'विल'. आधीच ठरलेलं असेल किंवा चिन्हं दिसत असतील तर 'गोइंग टू'. कुणाशी वेळ ठरलेली असेल तर चालू वर्तमानकाळ. वेळापत्रक असेल तर साधा वर्तमानकाळ. आणि अमुक वेळेपर्यंत पूर्ण झालेलं असेल तर 'विल हॅव'. एवढं फळ्यावर लिहून द्यावं.

शाळेत पेपर तपासणं, त्यात माझं एक छोटं काम हातावेगळं होतंय. योग्य वेळी सांगेनच. तुमच्या घरी काढलेली ती चार वर्षं मी विसरलेलो नाही.

तब्येत सांभाळा. आशीर्वाद असू द्यावेत.

आपला,
धाकटा


दि. २ जुलै

चि. भाऊजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही दिलेलं सगळं पाच ओळींत फळ्यावर लिहिलं. बायकांनी ते उतरवून घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना कोरडा पाव देऊन पाणी द्यायला विसरले. मग मी दादांच्या पद्धतीनं गेले.

त्यांचा नियम तुम्हाला आठवतो का? उदाहरण म्हणून खोटं वाक्य लिहायचं नाही. जे घरात घडलं किंवा बोललं गेलं, तेच वहीत जाणार. 'दार वाजतंय, मी बघते' हे 'विल'चं वाक्य माझं आहे, आणि दारात ट्रंक घेऊन उभे होतात ते तुम्ही. 'स्टुलाचा पाय हलतोय, ती पडणार आहे' हे 'गोइंग टू'. मी खरोखरच पडले, कारण हे आधी वाक्य पूर्ण करत बसले आणि मग मला धरायला उठले. 'बस सव्वासातला सुटते.' ती यांची नेहमी चुकायची. आणि 'गुरुवारी मी डॉक्टरांना भेटतोय.' तो गुरुवार कुठला ते तुम्ही जाणता. त्यानंतर पुष्कळ गुरुवार तसेच आले.

बायकांना हे लगेच पटलं. मावशीनं स्वतःचं वाक्य केलं की सून माहेरून येते आहे आणि ती भांडणार आहे, चिन्हं दिसताहेत. सगळ्या हसल्या, पण दोन्ही खण बरोबर साधले होते.

वही बांधून झाली असेल. एवढे दिवस चादरींच्या आख्ख्या गठ्ठ्यालासुद्धा लागत नाहीत. पाठवायला जमत नसेल तर सुटीच्या दिवशी मी येऊन घेऊन जाते, माझी काही तक्रार नाही.

आठवण ठेवता, तशीच ठेवत जा.

तुमची,
वहिनी


दि. १९ जुलै

स. न. वि. वि.

शनिवारी वर्गातल्या एकीनं मोठ्या कौतुकानं एक नवं पुस्तक आणलं. मुलाखतीची तयारी करणारे सगळे हेच घेतात, असं दुकानदारानं तिला सांगितलं होतं. पिवळं वेष्टण. वर तुमचं नाव, नावाखाली तुमच्या दोन पदव्या. मला आधी आनंदच झाला. आपल्या घरचा माणूस, असं मी सगळ्यांना सांगितलंसुद्धा. मग मी भविष्यकाळाचं पान उघडलं.

दार वाजतंय. स्टुलाचा पाय हलतोय. सव्वासातची बस. गुरुवारचे डॉक्टर. सगळं आहे, ओळीनं, दादांच्याच क्रमानं. प्रस्तावनेत तुम्ही लिहिलंय की उदाहरणं तुमच्या संसारातून आली आणि स्टुलावरून पडते ती तुमची पत्नी. जाऊबाई माळ्यावरचा डबा काढायलाही बाई बोलावतात. त्यांना स्टुलावर चढवायची कल्पना तुमची असेल तर तेवढं एक श्रेय मी तुम्हाला देते.

पुस्तकात दादांचं नाव मी दोनदा शोधलं. अर्पणपत्रिकेत तुमच्या मुख्याध्यापकांचं आहे.

एकसष्टाव्या पानावर गाळलेली जागा भरायचा स्वाध्याय आहे. त्यात चौथं वाक्य: उन्हाळा संपेपर्यंत ते घरी... आणि पुढे रिकामी रेघ. हे वाक्य दादांचं नाही. वहीत त्याचं अक्षर वेगळं होतं. तुमच्या ते लक्षात आलं होतं का, एवढं सांगा. आणि वही पाठवा. दुसरं काही मागत नाही.

वहिनी


दि. ३० जुलै

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं. घाईत आशीर्वाद लिहायचे राहिले असावेत.

काही गोष्टी तुम्ही समजून घ्यायला हव्यात. दादांची टिपणं म्हणजे ढीग होता. त्यावर दोन वर्षं मी खपलो. प्रकाशकाला वेष्टणावर पदवीधर माणूस लागतो, दादांच्या नावावर ते कुणी छापलं नसतं आणि वही ट्रंकेत पडून राहिली असती. आज ती हजारो मुलांच्या हातात आहे. दादा असते तर तेच म्हणाले असते की नाव कुणाचं याला काय महत्त्व? दुसऱ्या आवृत्तीत आभार मानताना 'कै. बंधूंच्या टिपणांचा काही ठिकाणी उपयोग झाला' असा उल्लेख करण्याचं मी ठरवलं आहे.

वहीचं आता स्पष्टच सांगतो. जुळणी सोपी व्हावी म्हणून प्रकाशकाच्या माणसांनी तिची पानं सुटी केली. काम झाल्यावर ती परत मागायची माझ्याकडून राहिली. आता ती तिथे नाहीत. मला आधीच सांगायला हवं होतं, पण तुम्हाला त्रास होईल म्हणून टाळलं.

चौथ्या वाक्याचं अक्षर वेगळं दिसलं होतं खरं. एखाद्या विद्यार्थिनीचं असेल असं वाटलं. साधं, सोपं वाक्य आहे, म्हणून घेतलं. त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे, हे मला कळलं नाही.

राग सोडावा. आम्ही तुमचेच आहोत.

आपला,
धाकटा


दि. ९ ऑगस्ट

स. न. वि. वि.

आशीर्वाद राहिले नव्हते.

तुम्हाला कळलं नाही म्हणता, तर सांगते. यांच्या शेवटच्या महिन्यात पेन हातात ठरत नव्हतं. तो एकच खण वहीत रिकामा होता, पुढे पूर्ण झालेलं असेल असा. त्यांनी मला लिहायला सांगितलं, आणि वाक्यही तूच कर म्हणाले. खाटेच्या कडेवर वही टेकवून मी लिहिलं, उन्हाळा संपेपर्यंत ते घरी आलेले असतील. सकाळीच डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून काय ते सांगितलं होतं. यांनाही ते ठाऊक होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. आयुष्यभर ज्यांनी खोटं वाक्य वहीत येऊ दिलं नाही, त्यांनी ते वाचलं, काना-मात्रा तपासावी तसं इंग्रजी तपासलं, आणि राहू दे म्हणाले. त्याच मे महिन्याच्या अकरा तारखेला ते गेले. एवढंच त्यात आहे.

तुम्ही लबाडी केलीत असं मी चारचौघांत सांगणार नाही. हे पुण्य नव्हे, मला घरचं नाव घेऊन ओरडायची लाज वाटते. दादांना नावाचं महत्त्व नव्हतं, हे खरं आहे. ते सांगायचा हक्क त्यांचा होता, तुमचा नव्हता. आभारात 'काही ठिकाणी' छापू नका. त्यापेक्षा काहीच न छापलेलं बरं. दुसऱ्या आवृत्तीतून माझं ते एक वाक्य तेवढं काढा. बाकीचं पुस्तक तुमच्याकडे राहू द्या, तसंही ते आता तिथेच आहे.

वर्ग चालू आहे. मुलाखती आठवड्यावर आल्या आहेत, वही नाही, आणि बायकांनी पदरमोड करून तुमचं पुस्तक घेतलंय. ते बाजूला ठेवा असं मी कोणत्या तोंडानं सांगणार? काल एकसष्टावं पान आलं. मी ते गाळून पुढे जाणार होते, पण मावशी वाचायला उभी राहिलीसुद्धा. तिनं चौथं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि रिकामी जागा भरली. मग बाकीच्या अकरा जणींनी आपापल्या वहीत लिहिलं, उन्हाळा संपेपर्यंत ते घरी आलेले असतील. एकीचंही चुकलं नाही. मी बाकांमधून फिरले आणि प्रत्येकीच्या वहीत त्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली.

कळावे. लोभ मागत नाही.

तुमच्या दादांची पत्नी