लाल आकडा

६ ऑक्टो., सोम.
तुर्भ्याच्या टॉवरची जाहिरातीची फिल्म बिल्डरकडून तिसऱ्यांदा परत आली. बाल्कनीतून समुद्र दिसायला हवा म्हणे. तिथून ट्रकच्या रांगा दिसतात, खाडीसुद्धा नाही. दिला समुद्र. वर दोन पक्षी फुकट सोडले. शी! असल्या कामाची किळस यायला लागलीय.

यातून सुटका म्हणजे माझी निवटी, चिखलात उड्या मारणारा तो खाडीतला मासा. महाप्याच्या ॲनिमेशन स्टुडिओने नोकरीसाठी दहा सेकंदांचा शॉट मागितलाय, प्राणी कुठलाही, पण स्वतः केलेला. १७ तारखेपर्यंत. निवटी खाडीच्या चिखलातून उडी मारते आणि चिखल अंगावरून ओघळतो. तो ओघळ रेंडर होता होत नाही, एकेक फ्रेम तयार करायला मशीन फार वेळ घेतं. म्हणून प्रोसेसर ठरल्या वेगाच्या वर चढवला, ४.९ गिगाहर्ट्झवर. व्होल्टेज १.२५. तासभर टेस्ट चालवली, पास. मग रेंडर लावलं आणि निळा पडदा, मशीन बंद.

बाबा मागे स्टुलावर होतेच. "काय झालं गं?"
"व्होल्टेज कमी पडतंय, दुसरं काय!" म्हटलं आणि जेवायला उठले.

७ ऑक्टो., मंगळ.
१.२६ केलं. टेस्ट पास, रेंडर चालू. हुश्श.

बाबा पुन्हा मागे. जन्मभर कारखान्यात मोटरींना वाइंडिंग केलं, आता रिटायर झाल्यावर घरातली प्रत्येक वायर त्यांचीच. "मशीन चालू होताना डिलीट बटण दाबत राहायचं, मग हे सेटिंगचं पान येतं, होय ना?" "हो." "आणि वाढवलंस किती?" "पॉइंट शून्य एक." "एवढंसं? अगं, कमी व्होल्टेजने मोटरी जळतात. फ्रीज जळतात. म्हणून तर मी स्टॅबिलायझर लावला." मग फ्रीजची गोष्ट. लहानपणापासून ऐकतेय, पाठ आहे. कानात हेडफोन घातले. चिप आणि मोटर यातला फरक कोण समजावत बसणार?

८ ऑक्टो., बुध.
मशीन बंद ठेवून दिवसभर वाशीला, टॉवरवाल्यांच्या ऑफिसात. समुद्र 'अजून निळा' हवाय.

९ ऑक्टो., गुरु.
काहीतरी बिघडलंय. बंद पडत नाही, पण प्रत्येक फ्रेमला परवाच्या दीडपट वेळ. तापमान नव्व्याण्णव. पंखा नुसता बोंबलतोय. खोलीत तापलेल्या प्लास्टिकचा वास, ऑक्टोबरचा उकाडा वेगळाच.

मशीनचं कॅबिनेट उघडलं. पंख्यात धूळ, माझेच केस, आणि आईच्या दिवाळीच्या साफसफाईत उडालेलं जळमट. आईवर ओरडले. ती म्हणाली, "खोली तुझी, कचरा तुझा, आणि झाडते मी म्हणून चूकही माझी?" बरोबर होतं तिचं.

१० ऑक्टो., शुक्र.
सगळं पुसलं, चिपवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट बदलली. तापमान तेच. वेग तोच, बैलगाडीचा. बाबा दारातून म्हणाले, "पण आता बंद नाही ना पडत?" चेहरा अगदी प्रसन्न. मला कळेना यांना एवढा आनंद कसला.

११ ऑक्टो., शनि.
निलेशला फोन केला. कॉलेजातला मित्र, घणसोली गावातला, मशीन त्यानेच जुळवून दिलं होतं.
"व्होल्टेज किती हाय?"
"एक पॉइंट सव्वीस."
"आज बघितलंस का?"
"मी ठेवलंय ना, मग मला माहीत नसेल?"
"बरं बाय, नको बघू." ठेवला फोन.
रागाने मुद्दाम नाही बघितलं. मूर्ख मी.

१२ ऑक्टो., रवि.
निलेश स्वतःच आला. बसल्या बसल्या मशीन रीस्टार्ट केलं, डिलीट दाबलं. १.४३. आकडा लालभडक.
"आये! कोनी क्येलं यो? शिजवलंस ना त्याला!"
दारातून बाबांचा आवाज, "मी." सरळ, ताठ. काहीतरी भलं केल्यासारखा.

बुधवारी मी वाशीला असताना. डिलीट दाबून, एकेक पायरी वर नेत. ती चिप चार दिवस जास्त व्होल्टेज खात तापत होती, आणि तापली की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करत होती. आणि मी पंखे पुसत बसले.

काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. "तुमची मोटर नाहीये ती! जास्त व्होल्टेजने चिप मरते!" हे बोलले. "मशीनला हात लावायचा नाही, खोलीत यायचं नाही," हेही.
बाबा म्हणाले, "तूच म्हणालीस कमी पडतंय."
"लाल झाला होता ना आकडा? दिसला नाही?"
"दिसला की. म्हणून तर थांबलो."
हे ऐकून तर डोकंच फिरलं. म्हणजे धोका दिसल्यावर थांबले, आणि खाली न आणता तसाच ठेवला? निलेश चहा न घेताच गेला.

१३ ऑक्टो., सोम.
१.२६ वर परत आणलं. दहा मिनिटांत निळा पडदा. मंगळवारी याच आकड्यावर धड चाललं होतं. निलेश म्हणतो, चिप थोडी खराब झाली असेल, किंवा आधीपासूनच काठावर असेल आणि टेस्टमध्ये कळलं नसेल. "आता कोनीच नाय सांगू शकत." मग काय उपयोग तुझा?

बाबा गॅलरीत पेपर वाचतात, एकच पान.

१४ ऑक्टो., मंगळ.
आज बाबा म्हणाले, "खाली चल जरा." सोसायटीच्या पंपाच्या खोलीत नेलं. सेक्रेटरींनी किल्ली त्यांच्याकडेच देऊन ठेवलीय. आत ओल, कुबट वास, कोपऱ्यात मेलेलं झुरळ. मी नाकाला ओढणी लावून उभी.

पॅनेलवर हिरवा दिवा होता. बाबांनी बटण दाबलं. हिरवा गेला, लाल लागला, मोटर सुरू झाली.
"लाल म्हणजे चालू. सप्लाय पोचला, मोटर फिरतेय," म्हणाले. "हिरवा म्हणजे बंद. सगळ्या पॅनेलवर असंच असतं. कारखान्यात लांबून लाल दिवे दिसले की बरं वाटायचं आम्हाला."

माणूस लाल होईपर्यंत वाढवत गेला आणि लाल दिसल्यावर समाधानाने थांबला. माझ्या मशीनला पोटभर मिळालं म्हणून. चार दिवस प्रसन्न होता तो याच्यासाठी.
वर येताना जिन्यात म्हटलं, "मला आधी सांगायचं ना."
"तू कानात घालून बसतेस."
स्वतःचीच घाण वाटली. पण चिप तर गेलीच ना. दोन्ही खरं आहे आणि दोन्हीचा संताप येतोय.

१५ ऑक्टो., बुध.
वेग खाली आणला. ४.६, व्होल्टेज १.२२. टेस्ट पास, तापमान अठ्ठ्याहत्तर. पहिल्याच दिवशी इथे थांबले असते तर? ४.९ ची हाव कुणाची होती? बाबांची नाही.
सगळा चिखल आता वेळेत होणार नाही. शेवटच्या दोन सेकंदांना हलका, कमी बारकाव्यांचा चिखल लावावा लागेल.

१७ ऑक्टो., शुक्र.
शॉट पाठवला. पहिले आठ सेकंद माझे, अगदी मनासारखे. शेवटच्या दोनमध्ये चिखल चॉकलेट सॉससारखा ओघळतो. ज्याला कळतं त्याला लगेच कळेल, आणि तिकडे कळणारेच बसलेत. बघवत नाही.
आईने विचारलं, "झालं का मनासारखं?" म्हटलं, "झालं."
बाबांनी विचारलं नाही.

२५ ऑक्टो., शनि.
दिवाळी संपली. स्टुडिओचं उत्तर नाही. टॉवरवाल्यांचं आलं, समुद्र आवडला. आता दुसरी बिल्डिंग, तिला डोंगर हवाय.

डोंगराचं काम लावलं आणि ४.६ वर निळा पडदा. जो आकडा दहा दिवस नीट चालला तोच. पुन्हा शी! चिप खरंच हळूहळू मरतेय की आणखी काही, कळायला मार्ग नाही.

२६ ऑक्टो., रवि.
सकाळी मीच स्टूल खोलीत आणून ठेवलं. हाक मारली. बाबा आले, बसले, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. हात लावायचा नाही म्हटलं होतं ना, ते असं पाळतात.

४.५ केलं. व्होल्टेज होतं तेवढंच ठेवलं. या वेळी सांगितलं त्यांना, हेडफोन बाजूला ठेवून. की इथे कमी पडलं तर नुसतं बंद पडतं, जळत नाही. जळतं ते जास्तीने. उलटं आहे तुमच्या मोटरीच्या. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग वाकून स्क्रीन बघितला.
"आता आकडा पांढरा आहे."
"हो."
"पांढरा म्हणजे काय? चालू की बंद?"
टेस्ट लावली होती. पंखा हळूहळू वाढत होता.
"माहीत नाही, बाबा," म्हटलं. "बसा, बघू."
त्यांनी हात मांड्यांखालून काढले नाहीत.