दारावरचं लाल फडकं

१२ ऑगस्ट, मंगळवार

खारूताईस आजीचे भरभरून आशीर्वाद.

बोलतेय मी, लिहितेय तुझी आई. ती दाराशी, मी पलंगावर. लिहून झालं की कागदाचा फोटो काढून तुला पाठवेल. अक्षर आवडलं तर तिचं कौतुक कर, मजकूर आवडला तर माझं. इकडे सगळं मजेत. लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद. समोरच्या मास्तरीणबाई माझी मोठी कढई परत करायला अजून विसरताहेत.

काल फोनवर म्हणालीस, "आजी, बैठक सोडून येते." पुढच्या साथीच्या तयारीचा करार करायला एवढे देश एकत्र बसले, आणि शेवटच्या आठवड्यात घोडं अडलं. गरीब देश म्हणतात, नवा रोग दिसला की लगेच कळवू, नमुनेही देऊ, पण लस आम्हालाही वेळेवर हवी. श्रीमंत म्हणतात, आधी कळवा, मग बघू.

तू येऊ नकोस. इथे काय ठेवलंय?

त्यापेक्षा त्यांना आपल्या जिन्याची गोष्ट सांग. मागच्या साथीत ठरलं होतं, ज्याच्या घरी ताप त्याने दाराला लाल फडकं बांधायचं. पहिलं बांधलं वरच्या शिंपीणबाईंनी. झालं! त्यांचं दूध बंद, कचरा कुणी उचलेना, माणसं जिन्यात तोंड फिरवायला लागली. मग दुसरं फडकं कोण बांधतंय? खोकला जिनाभर, आणि दारं सगळी ठणठणीत. तुझे आजोबासुद्धा उशीत तोंड खुपसून खोकायचे. विचारलं तर म्हणायचे, "घसा साफ करतोय. गाणं म्हणावंसं वाटतंय." जन्मात कधी गायले नाहीत गं. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

ते गेल्यावर मी जिन्यात उभी राहून सगळ्यांना झाडलं. नियमच उलटा केला. ज्याच्या दाराला फडकं, त्याला डबा पहिला, औषध पहिलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, "आणि आम्हाला कमी पडलं तर?" म्हटलं, "ताप आला की तुम्हीही बांधा, तुम्हालाही पहिलं." संध्याकाळपर्यंत निम्मी दारं लाल झाली. लपून बसलेला खोकला मोकळा झाला बिचारा.

तेव्हा तुझ्या त्या साहेबांना सांग, आधी डबा कबूल करा, मग बघा कशी फडकी लागतात.

बाकी माझी तब्येत उत्तम...

तुझ्या आईने पेन खाली ठेवलंय. म्हणते, "हे मी लिहिणार नाही. या घरात एक गाणं ऐकलं तेवढं पुरे." इतकी वर्षं सासूपुढे अवाक्षर काढलं नाही, आणि मुहूर्त नेमका आजचा!

बरं बाई, लिही. परवापासून ताप आहे मला. खोकलाही. डॉक्टर बघून गेले, तपासणीचं उद्या कळेल. तुला सांगितलं असतं तर तू हातातलं टाकून धावत सुटली असतीस, म्हणून "येऊ नकोस" चाललं होतं. तुला बघावंसं फार वाटतंय, हेही लिही.

मध्ये जरा थांबलो होतो. तुझी आई दाराला फडकं बांधून आली. ती टेकते न टेकते तोच बेल वाजली. मास्तरीणबाई डबा उंबऱ्याशी ठेवून लांब जाऊन उभ्या. जिन्यातूनच ओरडल्या, "गरम आहे तोवर खा, आणि हट्टीपणा करू नका!" डबा कसला, भात घातलाय माझ्याच कढईत.

माझं बघणारे इथे आहेत, खारूताई. तू तिथून उठू नकोस. सगळ्यांच्या सह्या झाल्या की ये, मी वाट बघतेय.

माझी सही आधी करून ठेवते. खाली अंगठा आहे.

तुझी,
आता काही न लपवणारी
आजी