ओटिएनोसाठी वाजवलं

बाबा,

शेलूबाजारच्या लग्नात डफडं वाजवलं म्हनून तुमी मले मारलं, आज्याचं डफडं चुलीत घातलं. "धम्म घेतला तवाच लोकायच्या मढ्याम्होरं वाजवनं आपन सोडलं," म्हनले. खरं होतं तुमचं. पन माये हात ऐकत नाहीत.

इथं मस्कतले सुटीच्या दिवशी मी कामगारायले फुकट डफ शिकवतो. केनियाचा ओटिएनो तिथंच आमाले त्याचा नाच शिकवे. "तुये पाय लाकडाचे हायेत," म्हनून मले हासे.

सोमवारी तो परांचीवरून पडून मेला. त्याच्या गावात मानसाले वाजवतच निरोप देतात, हे त्यानंच सांगितलं होतं. त्याची पेटी गाडीत चढवली तवा म्या वाजवलं. लोकायचं मढं नव्हतं ते, बाबा.

हे पत्र टाकनार नाही. पैसे तेवढे पाठवतो. दर महिन्याच्या दहातले दोन हजार त्याच्या मायले गेले. तुमाले आठ हजार.

तुमचा,
धम्मरत्न