मीटरमधला पिवळा दिवा

बुध., ३ सप्टें.
गावाबाहेर पडलो नाही तोच मीटरमध्ये पिवळा दिवा. इंजिनाचं चित्र असलेला. आवाज तोच, ओढ तीच, पण दिवा विझेना. बंद करून चालू केली, पुन्हा लागला. अकरा वर्षांची मोटरसायकल. चावी फिरवली की हा दिवा क्षणभर लागायचा आणि विझायचा, तेवढीच आमची ओळख.

पुढे गेलो नाही. लाईनवर दिवा लागला की आधी मशीन बंद, कारण मग शोधायचं. वीस वर्षं कंपनीत क्वालिटीला काढली, सवय हाडात गेलीय. ढकलत घरी आणली. सुनीता अंगणातच होती. "आता लोकलनंच जावा," म्हणाली. बायको नवऱ्याची गाडी बंद पडल्यावर एवढी शांत?

वळणावर चुलतभाऊ बबन रिक्षा घेऊन उभा. "चल दादा, ठेसनला सोडतो." तू इकडे कसा, विचारलं. म्हणे, सहज. भावकीत सहज काही नसतं. बांधावरून दोन वर्षं आम्ही धड बोलत नाही. भाडं देऊ केलं, घेतलं नाही. म्हणजे तर नक्कीच काहीतरी.

गुरु., ४ सप्टें.
गाडी हळूहळू लोणावळ्याला नंदूच्या गॅरेजला नेली. नव्या गाड्यांना कॉम्प्युटर लावतात. आमच्या गाडीला सीटखालच्या कपलरला वायरीचा तुकडा लावला की दिवा लुकलुकून आपलं दुखणं सांगतो. लांब, लांब, मग आखूड. नंदू तोंडातल्या तोंडात मोजत होता. मग सायलेन्सरच्या वर हात घालून म्हणाला, "हितल्या सेन्सरचा कपलर सैल हाय, भाऊ. बसलाच न्हवता नीट." कपलर म्हणजे वायरी जोडायची प्लॅस्टिकची डबी. दाबला, टक्‌ वाजलं, दिवा गेला.

बसला नव्हता म्हणजे कुणी बसवला नव्हता? जूनमध्ये गाडी यानंच उघडली होती. गिऱ्हाईक परत यावं म्हणून एखादी गोष्ट अर्धी ठेवायची, ही यांची जुनी विद्या.

गाडी आत्ता बिघडून चालणार नाही. शिफ्टच्या आणि लोकलच्या वेळा जुळत नाहीत. गाडी गेली की रोज कुणाच्या तरी तोंडाकडे बघत तळेगाव गाठायचं.

आणि आणखी एक. घरात बोललो नाही, इथेच लिहितो. गेल्या महिन्यात कामशेतला, नाणे फाट्याजवळ, गाडीवर चक्कर आली. कडेला बसून राहिलो, मग गेलो. वडगावचे डॉक्टर म्हणाले, डोक्याचा फोटो काढा, तोवर गाडी अजिबात नको. त्यांची चिठ्ठी पाकिटात आहे. फोटोत काही निघालं तर गाडी कायमची सुटणार. त्यापेक्षा न कळलेलं बरं. (पुढे नुसतं 'च.' लिहीन. वही कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.)

सोम., ८ सप्टें.
सकाळी च. गोठ्यात. खुंटा धरून उभा राहिलो. म्हशीनं वळून बघितलं, बाकी कुणी नाही. सुनीता चुलीपाशी होती बहुतेक.

मंगळ., ९ सप्टें.
दिवा. पुन्हा तोच.
वळणावर बबन. पुन्हा सहज.

बुध., १० सप्टें.
नंदूनं पुन्हा तोच कपलर दाबला. मी म्हणालो, "गेल्या वेळी पण दाबलाच होतास की." तर म्हणतो सेन्सर बदलून बघू. मी नाही म्हटलं. माझा काढून दुसऱ्याच्या गाडीत घालेल आणि त्याचा मला, कोण बघतंय. डोक्यावर उभा राहून काम करून घेतलं. "भाऊ, एवढं जवळून माझी बायको पन बघत न्हाई," म्हणाला. हसलो नाही.

कंपनीतून पिवळा पेंट मार्कर आणला होता. घट्ट केलेल्या बोल्टवर आम्ही रेघ मारतो, अर्धी बोल्टवर, अर्धी बॉडीवर. कुणी हात लावला की रेघ तुटते. तशीच रेघ कपलरच्या जोडावर मारली. नंदूच्या देखत मारली. कळू दे.

रवि., १४ सप्टें.
पाऊस. भात पोटरीत आलंय, लोंब्या निघतील आता. गाडी झकास. दिवा नाही, च. नाही. मग वाटतं, उगाच संशय घेतो का मी लोकांवर? नंदूकडे गाडी गेली नाही तेव्हाच नेमकी बरी आहे, हेही लक्षात ठेवायला हवं.

मंगळ., १६ सप्टें.
काल जेवताना च. घास हातात राहिला. "मीठ जास्त झालंय का?" सुनीतानं विचारलं. हो म्हटलं. मीठ बरोबर होतं.
आज निघताना दिवा. तिथंच अंगणात बसून बॅटरी मारली. रेघ तुटलेली. वरची अर्धी इकडे, खालची अर्धी तिकडे. कपलर आत होता पण टेकवून ठेवल्यासारखा.
गाडी नंदूकडे गेलेलीच नाही. म्हणजे तो सुटला. आता कंपनीचं पार्किंग किंवा माझं अंगण. पार्किंगला कॅमेरा आहे, अंगणाला भावकी आहे.

गुरु., १८ सप्टें.
नंदूला रेघ दाखवली. कपलर फिरवून फिरवून बघितला. म्हणाला, "भाऊ, हे ज्यानं काढलंय त्याला हाताची सवय हाय. हितं मागं बारकं लॉक असतंय, ते दाबल्याबिगर सुटत न्हाई. नवखा मानूस वायर वढतो आन लॉक मोडतो. माझ्याकडनं बी दोनदा मोडलंय. ह्याचं बघा, ओरखडा न्हाई."
मी विचारलं, यानं गाडी मधेच बंद पडली असती का?
"न्हाई. ह्यो काढला तर नुसता दिवा लागतो. शेजारचा काढला असता तर घाटात हुबी राहिली असती."
म्हणजे मला पाडायचं नाही, नुसतं थांबवायचंय. असा कसा वैरी?
बबन. रिक्षाच्या वायरी तो स्वतः करतो. दिवा लागला की हा वळणावर हजर. मला आपल्या रिक्षात बसलेलं गावाला दाखवायचं आणि बांधाच्या बोलण्यात उपकार पुढे करायचे. ठरलं.

रवि., २१ सप्टें.
सर्वपित्री. भावकी जेवायला. कावळ्याला वाडी दाखवून झाल्यावर बबनला गोठ्यामागे घेतलं आणि स्पष्ट विचारलं, माझ्या गाडीला हात लावतोस का. त्याचा चेहरा असा उतरला की मलाच कसंतरी झालं.
"पित्राच्या दिशी काय बोलतो दादा? मी कशाला हात लावू? मला फोन येतो, मी येतो."
कुणाचा फोन?
त्यानं वाकून घराकडे बघितलं, कुणी ऐकतंय का. मग म्हणाला, "नाणे फाट्याला तू डोकं धरून बसलावता. मी सासरवाडीवरनं येत हुतो. लय येळ मागं हुबा व्हतो, तू उठून गेलास तवा निघालो. तू बोलत न्हाईस माझ्याशी, मग मी कुनाला सांगनार? जिला सांगायचं तिला सांगितलं."
आणि खीर खायला निघून गेला.

बुध., २४ सप्टें.
घटाला माळ चढवून सुनीता डबा भरत होती. मी उंबऱ्यात बूट घालत होतो. डब्याचं झाकण लावलं, टक्‌ वाजलं, आणि मग तिनं ते झाकण एकदा मागे ओढून पाहिलं. बसलंय का. रोज करते. वीस वर्षं मी ते बघतोय आणि आज पहिल्यांदा दिसलं.
लग्नाआधी आणि नंतरही दोन वर्षं ती तळेगावला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत होती. दिवसभर कपलर जोडायचे. दाब, आवाज ऐक, ओढून बघ. थोरला झाला तेव्हा नोकरी सोडली, हातानं सोडली नाही.
इंजिन गार असताना पहाटेची वेळ धरायची, मी झोपेत असताना. लॉक दाबून अलगद सोडवायचं. तोच कपलर, ज्यानं फक्त दिवा लागतो. तोच का, हे तिला कुणी सांगितलं? नंदू? त्यानं मला एवढं पढवलं, तेव्हा त्याला आधीच माहीत होतं की काय?
राग आला. खूप आला. माझ्या घरात, माझ्या अंगणात, माझ्यावर पाळत. आणि कंपनीत पोचेपर्यंत राग टिकला नाही, भीती वाटायला लागली. तिला सगळं माहीत आहे. कधीपासून?

गुरु., २५ सप्टें.
 नवी रेघ मारली, जुनीच्या शेजारी. ती कपडे वाळत घालत होती, बघून न बघितल्यासारखं केलं.
म्हणालो, "गाडीला कोणतरी हात लावतं."
"मांजर आसंल," म्हणाली.

रवि., २८ सप्टें.
च. नाही, दिवा नाही. आता दिवा नसला तरी आधी अंगण बघतो, मग मीटर. जेवताना ती माझ्या हाताकडे बघते, मी तिच्या. दोघंही वरण छान झालंय म्हणतो.

गुरु., २ ऑक्टो., दसरा.
गाडी धुतली. तिनं हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू. मी म्हणालो, सगळीकडे लावलंस, सायलेन्सरच्या वर राहिलं. तिचा हात थांबला.
"तितं काय असतंय?"
"तुला ठाऊक."
 मग कुंकवाचं बोट पदराला पुसत म्हणाली, "डाक्टरचं ऐकत न्हाई. माजं ऐकनार न्हाई म्हनून मी इचारलंच न्हाई. तुमी फकस्त दिव्याचं ऐकता."
 ती पुढे म्हणाली, "चिठ्ठी पाकिटातनं काढली न्हाई मी. हाय तितंच हाय. तुमची तुमी काढा." आणि आत गेली. आतून भांड्यांचे आवाज, जरा जास्तच.
संध्याकाळी सोनं द्यायला बबनकडे गेलो. दोन वर्षांनी. बांधाचा विषय त्यानंही काढला नाही.

शुक्र., ३ ऑक्टो.
रेघ शाबूत. तिनं हात लावणं सोडलंय. माझ्यावर सोपवलं, असं समजायचं का? की आता दुसरा एखादा कपलर? दोन्ही बघितले. दोन्ही घट्ट.
गाडीवर गेलो, गाडीवर आलो. कान्हे फाट्यापर्यंत मजा आली. त्यापुढे प्रत्येक ट्रकच्या मागे मनात एकच: आत्ता आली तर.

शनि., ४ ऑक्टो.
पहाटे च. मोठी. नळापाशी. खाली बसलो तेव्हा उजव्या हातातला तांब्या सुटलेला कळलाच नाही, आवाज आल्यावर कळलं. सुनीता आत झोपेत. निदान मला तसं वाटलं.
हात पुन्हा हातासारखा झाल्यावर अंगणात गेलो. गाडी गार. सायलेन्सरच्या वर बोटं घातली, लॉक सापडलं, दाबलं. पहिल्यांदा सुटलं नाही. दुसऱ्यांदा सुटलं. रेघ तुटली. चावी फिरवून इंजिन चालू केलं, पिवळा दिवा लागला तो विझलाच नाही.
आत येऊन म्हणालो, "दिवा लागलाय परत."
ती उठून बसली. माझ्याकडे अशी बघत राहिली, जसा मी महिनाभर जगाकडे बघत होतो. मग केस बांधत बाहेर गेली, गाडीपाशी उकिडवी बसली. परत आली तेव्हा बोटं काळी होती. आता चार बोटं काळी आहेत घरात, दोन तिची, दोन माझी.
"मी न्हाई काढला," म्हणाली.
"ठाऊक आहे."
 तिनं पदरानं डोळे पुसले तर गालाला काळं लागलं, तेही मी सांगितलं नाही. फोन घेतला, बबनला लावला. "भावजी, रिक्षा घेऊन या," म्हणाली, आणि मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळली.
"कुटं जायचं म्हनून सांगू? ठेसनला, का वडगावला?"
एवढं लिहीपर्यंत रिक्षाचा आवाज वळणावर आलाय. पाकीट समोर आहे. ती दारात उभी आहे.