छपराचा उतार

अहो,

हरीभाऊजींना घेऊन साताऱ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे चालले आहे. दवाखाना पोवई नाक्याजवळ आहे, तिथे पोचले की फोन करते.

सकाळी पत्रेवाल्याचा फोन आला होता. छपराचा उतार आजच कळवा, नाहीतर काम दिवाळीनंतर घेऊ, म्हणाला. तुम्ही शिरवळला कामावर, म्हणून मीच शिडी लावली. लेव्हलची पट्टी आडवी धरून तिच्या टोकापासून खाली कौलापर्यंत टेप लावायची, हे एकटीला जमेना. भाऊजी त्यांच्या अंगणातून बघत होते. वाटणी झाल्यापासून त्यांनी आपल्या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं. आज न बोलावता आले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही उतरा खाली. मी बघतो."

माप नीट घेतलं त्यांनी. फुटाला चार इंच उतार भरला, तो मी पत्रेवाल्याला कळवलाय. उतरताना पायाखालचं कौल फुटलं आणि ते अंगणात पडले. शुद्धीवर आहेत, पण उजवा पाय टेकवत नाही.

स्वानंदी शाळेतून परस्पर क्षमाकाकूंकडे जाईल, तिथेच जेवेल. तिची काळजी नको.

आत्ता गाडीत बसवताना भाऊजी म्हणाले, "दादाला कळवू नका. तो यायचा नाही, मग मलाच वाईट वाटेल."

तुम्ही याल, असं मी त्यांना सांगून टाकलंय. कपडे बदलत बसू नका.

ऋचा